पांढरं जातंय, खाज सुटतेय: यात पिशवीचा काय दोष?

(सामुदायिक रेडिओवरच्या आरोग्याच्या कार्यक्रमात एका निवृत्त परिचारिकेने केलेलं भाषण. बैठकीत वाचून दाखवता यावं म्हणून बोलीतच छापत आहोत.)



मागच्या महिन्यात आपल्या कार्यक्रमाच्या फोनवर एका ताईंचा निरोप आला. नाव सांगितलं नाही, गावही नाही. आवाज इतका हळू की मला तो तीनदा ऐकावा लागला. त्या म्हणाल्या,

"सिस्टर, तीन महिने झाले, खालच्या जागेला खाज सुटते. दह्यासारखं पांढरं जातं. लघवीला आग होते. मेडिकलमधून दोनदा ट्यूब आणली. लावली की चार दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. तालुक्याला दाखवलं तर म्हणाले, पिशवी खराब झालीय, काढून टाका. दसरा झाला की आम्हाला ऊसतोडीला जायचंय. मालक म्हणतात, मुकादमाकडून उचल घेऊ आणि त्याआधी उरकून टाकू. पिशवी काढली की ही खाज जाईल ना?"

ताई, उत्तर आधी देते, कारण सांगायला मग अख्खा कार्यक्रम आहे. नाही जाणार. तुम्ही सांगताय ती खाज पिशवीत नाही. ती योनीमार्गात आहे. पिशवी काढली तरी योनीमार्ग तिथेच राहतो आणि खाजही तिथेच राहते.

आधी नाव घेऊ

आपण "खालची जागा", "लाजेची जागा" असं म्हणतो. हात दुखला तर हात म्हणतो, पोट दुखलं तर पोट म्हणतो, इथे मात्र शब्द अडतो. आणि शब्द अडला की बाई दवाखान्यात जाऊन "कंबर दुखते" एवढंच सांगते, कमरेच्या गोळ्या घेऊन परत येते. मी तीस वर्षं उपकेंद्रात काम केलं, असं शेकडो वेळा पाहिलं. म्हणून आज मी सरळ योनी, योनीमार्ग असेच शब्द वापरणार आहे. तुम्हीही डॉक्टरांपुढे हेच शब्द वापरा. त्यात काही वावगं नाही.

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली होती. १९८९ साली ती 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. शंभरातल्या ९२ जणींना एक ना एक स्त्रीरोग होता. आणि याआधी त्यासाठी तपासणी आणि उपचार झाले होते ते शंभरातल्या फक्त आठ जणींवर. म्हणजे जवळपास सगळ्या जणी सोसत होत्या आणि प्रत्येकीला वाटत होतं, हे माझ्या एकटीलाच आहे.

पांढरं जाणं म्हणजे रोगच असतो का?

नाही. तोंडात जशी लाळ असते, तसा योनीमार्गातही ओलावा असतो. तो असायलाच हवा. दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत अंड्यातल्या पांढऱ्या बलकासारखं, तार धरणारं पाणी जातं. पाळी यायच्या आधी थोडं घट्ट, पांढरट जातं. गरोदरपणात ते वाढतं. वास घाण नाही, खाज नाही, आग नाही, तर तो रोग नाही. त्याला औषध लागत नाही.

"पांढरं गेलं की हाडं झिजतात, हाडांचं पाणी होऊन जातं" असं आपल्या आज्या सांगायच्या. तसं होत नाही. हाडांचा आणि या पाण्याचा काही संबंध नाही. थकवा येत असेल, चक्कर येत असेल, तर बहुतेक वेळा रक्त कमी असतं. त्यासाठी रक्त तपासा. "अंगात उष्णता वाढली" हेही कारण नव्हे. वांगं खाल्लं, गूळ खाल्ला म्हणून हा त्रास होत नाही.

यीस्ट म्हणजे काय?

यीस्ट म्हणजे एका जातीची बुरशी. डोळ्यांना दिसणार नाही इतकी बारीक. जिलेबीचं पीठ आंबतं, पाव फुगतो, तो अशाच बुरशीमुळे. मात्र आपल्याला त्रास देणारी जात वेगळी, तिचं नाव कॅन्डिडा. ही कॅन्डिडा बऱ्याच बायकांच्या योनीमार्गात थोडीथोडी असतेच. निरोगी बाईतही असते आणि काही त्रास देत नाही.

मग त्रास कधी होतो? शेताकडे बघा. पीक दाट असेल तर तणाला जागा मिळत नाही. योनीमार्गात आपल्या उपयोगाचे जंतू असतात, दह्याच्या विरजणात असतात त्यांच्याच कुळातले. ते तिथे आंबटपणा टिकवतात आणि बाकीच्यांना डोकं वर काढू देत नाहीत. हे पीक काही कारणाने मेलं किंवा जागा फार ओली, फार गोड झाली, की बुरशीचं तण माजतं. खाज सुटते, कातडी लाल होते, सुजते, लघवी लागली की झोंबतं, नवऱ्याजवळ जाताना दुखतं आणि दह्याच्या गुठळ्यांसारखं घट्ट पांढरं जातं. याला घाण वास सहसा नसतो. हे नीट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

हा त्रास साधारण चारातल्या तीन बायकांना आयुष्यात कधीतरी एकदा होतोच. घाणेरडी राहते म्हणून होतो असं नाही. वाईट चालीची म्हणून तर नाहीच नाही.

कुणाला जास्त होतो?

पहिली, जिने नुकत्याच अँटिबायोटिक गोळ्या घेतल्या आहेत ती. तापासाठी, दाढेसाठी, जखमेसाठी घेतलेली गोळी वाईट जंतूंबरोबर योनीतले चांगले जंतूही मारते. पिकावर चुकून तणनाशक पडावं आणि तण मोकळं राहावं, तसं होतं. डॉक्टरांनी दिल्या तर त्या गोळ्या जरूर घ्या, पूर्ण घ्या. पण सर्दीला, अंगदुखीला आपल्या मनाने मेडिकलमधून आणून घेऊ नका.

दुसरी, जिला साखरेचा आजार आहे ती. रक्तात साखर वाढली की लघवीत आणि योनीतल्या ओलाव्यातही साखर वाढते. बुरशीला ते खाद्यच मिळतं. पुष्कळ बायकांना आपल्याला मधुमेह आहे हे या खाजेमुळेच पहिल्यांदा कळतं. म्हणून वरचेवर खाज येत असेल तर साखर तपासाच. मधुमेहाच्या काही गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, डापाग्लिफ्लोझिन ही त्यातली एक. त्यानेही हा त्रास होऊ शकतो. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

तिसरी, गरोदर बाई. चौथी, जी बराच काळ स्टिरॉइडची औषधं घेते किंवा जिची प्रतिकारशक्ती कमी झालेली आहे ती. आणि पाचवी, जी तासन्‌तास ओल्या कपड्यात असते ती. पावसात खुरपणी करणारी, भाताच्या खाचरात वाकलेली, घामाने भिजलेली. म्हणजे आपल्यातल्या निम्म्या जणी.

सगळं पांढरं सारखं नसतं

इथेच खरी चूक होते. पांढरं जातंय म्हटलं की सगळ्यांना एकच औषध दिलं जातं, किंवा एकीचं उरलेलं औषध दुसरी घेते. पण आजार वेगवेगळे असतात.

पाणी पातळ, राखाडी-पांढरट आणि मासळीसारखा वास, विशेषतः नवऱ्याजवळ गेल्यावर: हा योनीतल्या जंतूंचा तोल बिघडल्याचा आजार. बुरशीचं औषध त्याला चालत नाही.

पाणी पिवळं-हिरवट, फेसाळ, वास घाण, खाज आणि आग: हा बहुधा ट्रायकोमोनास. हा संबंधातून पसरतो. यात नवरा-बायको दोघांनीही एकदमच औषध घ्यायला हवं, नाहीतर बरी झालेली बाई पुन्हा आजारी पडते.

ओटीपोटात दुखतं, ताप येतो, पू जातो: हा आजार पिशवीपर्यंत किंवा त्याच्या पुढे गेलेला असू शकतो. थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पाण्यात रक्त दिसतं, संबंधानंतर रक्त जातं, पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त जातं: लगेच तपासणी. यात गर्भाशयमुखाचा कर्करोग नाही ना, हे बघावंच लागतं. तिशी ओलांडलेल्या प्रत्येक बाईने तर त्रास नसतानाही ही तपासणी करून घ्यावी. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते.

ही यादी ओळख पटावी म्हणून सांगितली. घरी बसून निदान करायला नव्हे. दोन आजार एका वेळीही असतात. पहिल्यांदाच त्रास होत असेल तर तपासून घेणंच बरं. तपासणीला पाच-दहा मिनिटं लागतात. महिला डॉक्टर किंवा नर्स सोबत असावी असं तुम्ही सांगू शकता. तो तुमचा हक्क आहे. आशाताईंना बरोबर घेऊन जा.

औषध काय असतं?

यीस्टचंच आहे असं ठरलं तर औषध साधं आणि स्वस्त आहे.

एक, योनीत ठेवायची गोळी, क्लोट्रिमॅझोल. साधारण १०० मिलिग्रॅमची, रोज रात्री एक, अशा सहा रात्री. काही वेळा ५०० मिलिग्रॅमची एकच देतात. हात साबणाने धुवा, आडवं व्हा, गुडघे वाकवा आणि बोटाने गोळी जाईल तितकी आत सरकवा. मग झोपून जा. सकाळी थोडं पांढरं बाहेर येतं, घाबरू नका, ते औषधच असतं. ही गोळी गिळायची नाही. हसू नका, माझ्याकडे गिळून आलेल्या बायका होत्या. दोष त्यांचा नव्हता, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. पाळी सुरू असेल तर गोळी धुपून जाते, म्हणून पाळी संपल्यावर सुरू करा.

दोन, पोटात घ्यायची गोळी, फ्लुकोनॅझोल १५० मिलिग्रॅम. बहुतेकींना एकच पुरते. पण गरोदर बाईने ही घ्यायची नाही. दिवस राहिल्याची शंका असेल तरी आधी सांगा. यकृताचा आजार असेल, दुसरी औषधं चालू असतील, तर तेही सांगा. गरोदर बाईला डॉक्टर योनीत ठेवायची गोळीच देतात, जास्त दिवसांसाठी.

सरकारी दवाखान्यात पांढऱ्या पाण्याच्या तक्रारीवर हिरव्या रंगाचं पाकीट मोफत मिळतं. त्यात बुरशीवरची एक गोळी आणि दुसऱ्या जंतूंवरच्या गोळ्या असतात. शेजारणीला द्यायला ते ठेवून देऊ नका. तुमच्या पाकिटातली गोळी गरोदर शेजारणीला चालणार नाही.

खाज दोन-तीन दिवसांत कमी होऊ लागते. म्हणून गोळ्या मध्येच सोडू नका. आठवडाभराने फरक नसेल तर पुन्हा दाखवा. वर्षात तीन-चार वेळा त्रास परत आला तर साखर आणि एचआयव्ही दोन्ही तपासून घ्या आणि औषध लांबवावं लागेल का, ते विचारा.

ती ट्यूब

आपल्या ताईंना ट्यूब लावली की चार दिवस बरं वाटायचं. का? मेडिकलमध्ये खाजेवर मिळणाऱ्या कितीतरी ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधाबरोबर स्टिरॉइड मिसळलेलं असतं. ते खाज दाबतं, पण बुरशी मारत नाही, उलट तिला वाढू देतं. कातडीही पातळ होते. ट्यूबवर क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन असं लिहिलं असेल तर ती आपल्या मनाने लावू नका. ती अक्षरं इंग्रजीत आणि बारीक असतात, शाळेत जाणाऱ्या लेकीकडून वाचून घ्या.

आणखी काही गोष्टी करू नका. योनीच्या आत साबण, तुरटीचं पाणी, जंतुनाशक औषध, लिंबू काहीही घालू नका. आतली जागा स्वतःला साफ ठेवते. आपण धुतलं की आपलंच पीक धुऊन जातं. आत दही किंवा लसूण ठेवायला कुणी सांगेल. विरजणाचं उदाहरण मी समजायला दिलं, लावायला नाही. दही जेवणात घ्या.

रोजची काळजी

बाहेरून साध्या पाण्याने धुवा आणि कोरडं करा. शौचानंतर पुढून मागे धुवा, मागून पुढे नको. शेतातून आल्यावर आधी ओले कपडे बदला, मग चूल. आतले कपडे सुती आणि सैल असावेत. पाळीचं कापड किंवा पॅड चार ते सहा तासांनी बदला.

आणि आतले कपडे उन्हात वाळवा. आपण काय करतो? साडीखाली, दाराआड, कुणाला दिसणार नाही अशा अंधाऱ्या कोपऱ्यात वाळत घालतो. ते दमट राहतात. पावसाळ्यात दमट भाकरीला बुरशी येते, कपडा दमट राहिला तर त्याचंही तेच. नवऱ्याची बनियन अंगणात उन्हात असते आणि आपली चड्डी अंधारात. एकीने काढली की दुसरीला धीर येतो. गटाने ठरवून करून बघा.

ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांना मी हे सांगते तेव्हा त्या म्हणतात, सिस्टर, फडात पाणी प्यायला मिळत नाही, धुवायचं कुठून? खरं आहे. कोपीत ना न्हाणी, ना आडोसा. ही तुमची चूक नाही. त्यासाठी पाणी आणि आडोसा मागायचा, तो मुकादमाकडे आणि कारखान्याकडे, सगळ्या जणींनी मिळून. निघण्याआधी तपासणी करून घ्या आणि औषधं बरोबर ठेवा.

नवऱ्याला सांगायचं का?

सांगा. यीस्टचा त्रास बाहेरून आणलेला आजार धरला जात नाही. कुमारिकेला होतो, म्हातारीलाही होतो. त्यामुळे तुमच्यावर संशय घ्यायचं कारण नाही आणि नवऱ्यावरही नाही. बरं होईपर्यंत संबंध टाळा. नवऱ्याला खाज, लाली नसेल तर त्याला औषध लागत नाही. असेल तर त्यालाही दाखवा. निरोध वापरत असाल तर लक्षात ठेवा, योनीतल्या काही क्रीम आणि गोळ्यांनी त्याचं रबर कमजोर होतं.

आता पिशवीचा प्रश्न

२०१९ साली राज्य सरकारने नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांची माहिती घेतली. त्यातल्या १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली होती. त्यात चाळिशीच्या आतल्या कितीतरी होत्या. पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, पाळीत काम बुडतं, अशा तक्रारी घेऊन बाई गेली आणि पिशवी गमावून आली, असं कितीदा झालं.

पिशवी कधीच काढू नये असं मी म्हणत नाही. कर्करोग असेल, गाठींमुळे रक्तस्राव थांबत नसेल, अंग बाहेर येत असेल, तर ते ऑपरेशन जीव वाचवतं, त्रास संपवतं. पण योनीतल्या बुरशीवर ते औषध नाही. आणि पिशवीबरोबर बीजकोशही काढले तर पाळी जायचं वय एकदम अंगावर येतं. अंगातून वाफा निघतात, झोप उडते, हाडं ठिसूळ होतात. बघा, पांढऱ्या पाण्याने हाडं झिजत नाहीत. पण त्या भीतीपोटी तरुणपणी बीजकोश काढून घेतले, तर मात्र झिजतात.

म्हणून कुणी "पिशवी काढा" म्हटलं तर चार प्रश्न विचारा. आजाराचं नाव काय? कोणत्या तपासणीत दिसला? औषधाने बरा होणार नाही का? बीजकोश ठेवणार की काढणार? कागद मागून घ्या आणि सरकारी रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. पिशवी आठ दिवसांत पळून जात नाही.

त्या ताईंना मी फोन केला होता. त्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन आल्या. तपासणी झाली, साखर बघितली, ती ठीक निघाली. ट्यूब बंद केली आणि सहा रात्रींच्या गोळ्या घेतल्या. दहा दिवसांनी त्यांचा फोन आला. या वेळी आवाज मोठा होता, मागे कुकरची शिट्टीही ऐकू आली. म्हणाल्या, "उचल घेतली नाही सिस्टर. आणि हे सगळं रेडिओवर सांगा, नाव नका सांगू." नाव मला माहीतच नव्हतं. म्हणून सांगितलं.

नमस्कार.

गटाच्या बैठकीत बोलण्यासाठी

१. पांढरं पाणी जाण्याबद्दल लहानपणी तुम्ही काय ऐकलं होतं? त्यातलं काय खरं, काय खोटं?

२. आपल्या गावाहून सगळ्यात जवळची महिला डॉक्टर किंवा नर्स कुठे, कोणत्या वारी भेटते? आशाताईंना विचारून वहीत लिहा.

३. गावात चाळिशीच्या आत पिशवी काढलेल्या किती जणी आहेत? त्यातल्या कुणाला बोलायचं असेल तर तिला काय कारण सांगितलं होतं, ते ऐका.

४. आतले कपडे उन्हात वाळवायला काय अडचण आहे? ती कशी सोडवता येईल?